गेज सिद्धांतातल्या काही बहुकण प्रणाली थर्मलाइझ का होत नाहीत? (लॅपटॉपवर तपासायच्या रीतीसकट)

कृष्णपुरा – शुक्रवार, रात्री ९:१०

रविवारी याच विषयावर चर्चेला रामबागेत बसायचं ठरलंय. त्याआधी विषय इथेच मांडून ठेवू, म्हणजे तिथे फळ्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

छप्पन दुकानात पोह्यांच्या परातीखाली वाफेचं पातेलं असतं, म्हणून पोहे गरम राहतात. पातेलं काढलं की थोड्या वेळात परात आणि हवा एकाच तापमानाला येतात; हेच थर्मलाइझ होणं. बंदिस्त क्वांटम प्रणालीला बाहेरची हवाच नसते. एका छोट्या तुकड्यासाठी उरलेली सगळी प्रणालीच हवेचं काम करते. हे जमण्यामागचं कारण १९९१ मध्ये डॉइच यांनी आणि १९९४ मध्ये स्रेडनिकी यांनी मांडलं: ऊर्जापटाच्या मधल्या भागातली प्रत्येक आइगन-अवस्था (ठरावीक ऊर्जेची, काळाबरोबर न बदलणारी अवस्था) एकटीच, स्थानिक मोजमापांपुरती, त्या ऊर्जेच्या तापमानाचं उत्तर देते. यालाच आइगन-अवस्था थर्मलायझेशनचं गृहीतक म्हणतात.

गेज सिद्धांत (म्हणजे प्रत्येक स्थानावर गॉसच्या नियमासारखा स्थानिक नियम पाळणारं मॉडेल) असला की थर्मलायझेशन टळतं, असं सरसकट लिहिलेलं अधूनमधून वाचायला मिळतं. ते चूक आहे. बहुतेक सुरुवातीच्या अवस्थांपासून गेज सिद्धांतही निमूटपणे थर्मलाइझ होतो. टळतं ते ठरावीक अवस्थांपासून, आणि त्याच्या निदान तीन वेगवेगळ्या वाटा आहेत: क्वांटम स्कार (गोंधळी पटात लपलेल्या मोजक्या शिस्तीच्या अवस्था), अव्यवस्थेविना स्थानबद्धता (यादृच्छिक अडथळे न घालताही कण जागीच अडकणं), आणि हिल्बर्ट अवकाशाचे, म्हणजे सगळ्या संभाव्य अवस्थांच्या अवकाशाचे, तुकडे पडणं. तिन्हींचं कारण वेगळं आणि तपासणीही वेगळी. ज्याला जी वाट नीट माहीत आहे त्याने ती इथे लिहावी.

सिमरोलकर – शुक्रवार, रात्री १०:०२

स्कारपासून सुरू करतो, कारण तिथे गॉसचा नियम हातात धरून दाखवता येतो.

एक मिती घ्या. स्थानांवर द्रव्य, दोन स्थानांमधल्या दुव्यावर विद्युतक्षेत्र. क्षेत्राला दोनच मूल्यं ठेवली, म्हणजे स्पिन अर्धा, तर ते यू-वन क्वांटम लिंक मॉडेल होतं. श्विंगर मॉडेलचं हे सगळ्यात काटछाट केलेलं रूप. एका स्थानाच्या डाव्या-उजव्या दुव्यांच्या चार जोड्या संभवतात. गॉसचा नियम सांगतो की दोन क्षेत्रांमधला फरक म्हणजे त्या स्थानावरचा प्रभार. सम स्थानावर प्रभार शून्य किंवा अधिक एक, विषम स्थानावर शून्य किंवा उणे एक. म्हणून चारातली एक जोडी बाद होते आणि तीन उरतात. शिवाय दुवे कळले की द्रव्य आपोआप कळतं, त्यामुळे द्रव्य हिशेबातून काढून टाकता येतं.

उरतं ते असं. गोलाकार पंगत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक दुवा म्हणजे पंगतीतला एक माणूस, बसलेला किंवा उठलेला. नियम एकच: शेजारचे दोघेही बसलेले असतील तरच तुम्ही उठू किंवा बसू शकता. म्हणून शेजारी-शेजारी दोघे उभे कधीच दिसणार नाहीत. हेच पीएक्सपी मॉडेल: मधला एक्स माणसाला उठवतो-बसवतो आणि दोन्ही बाजूंचे पी शेजारी बसलेत ना हे बघतात.

आता उलटं भाषांतर करा. एक सोडून एक उभा, म्हणजे नील अवस्था: सगळीकडे एकाच दिशेचं क्षेत्र, कण एकही नाही. दुसरी नील अवस्था: क्षेत्र उलट दिशेला. सगळे बसलेले: प्रत्येक स्थानावर कण किंवा प्रतिकण. शेजारी-शेजारी दोघे बसलेले दिसले की त्यांच्या मधल्या स्थानावर कण आहे, इतकं लक्षात ठेवलं की पुरे.

नील अवस्थेतून सोडलं की कण-प्रतिकणांच्या जोड्या निर्माण होतात, त्या जोड्या क्षेत्र पुसत जातात, क्षेत्र उलटं होतं, पुन्हा जोड्या, आणि पुन्हा मूळ क्षेत्र. प्रणाली थर्मल मूल्यावर न बसता परत परत मागे येते. २०१७ मध्ये हार्वर्डच्या गटाने ५१ रुबिडियम अणूंच्या रांगेत हे आंदोलन पाहिलं, २०१८ मध्ये टर्नर, पापिच, सेर्बिन आणि सहकाऱ्यांनी त्याला स्कारचं स्पष्टीकरण दिलं, आणि ते गेज सिद्धांताचंच आंदोलन आहे हे २०२० मध्ये सुराचे, दालमोन्ते आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

रामबागेतून – शुक्रवार, रात्री १०:४०

सिमरोलकर, मांडणी आवडली, पण एक शंका. यात गेज नियमाचं श्रेय किती? शेजाऱ्याला अडवणारी बंदी रिडबर्ग अणूंमध्ये (खूप वरच्या पातळीला उत्तेजित केलेल्या अणूंमध्ये) तशीही असते. आणि बंदीमुळेच स्कार येत असतील, तर सगळे बसलेले या अवस्थेतूनही आंदोलन दिसायला हवं. तीही त्याच अवकाशात आहे.

सिमरोलकर – शुक्रवार, रात्री ११:०५

शंका अगदी रास्त आहे, आणि उत्तरही तुमच्याच वाक्यात आहे. सगळे बसलेले या अवस्थेतून आंदोलन टिकत नाही, ती झटकन थर्मलाइझ होते. दोन्ही अवस्थांची सरासरी ऊर्जा शून्य, म्हणजे पटाच्या बरोबर मध्यावर, अनंत तापमानाला. तापमान एक, अवकाश एक, हॅमिल्टोनियन (ऊर्जेचा क्रियक) एक, आणि वागणं दोन तऱ्हांचं. त्यामुळे बंदी आवश्यक आहे, पण एकटी पुरत नाही. नील अवस्था जवळपास बंद अशा एका छोट्या उपअवकाशात फिरते. तिथे हॅमिल्टोनियन एका मोठ्या स्पिनसारखा वागतो, मात्र ‘जवळपास’च. गळती थोडी असतेच, म्हणून आंदोलन हळूहळू विरतं. चोई आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की योग्य दुरुस्तीचं पद, ज्याचा मुख्य गुणक सुमारे ०.०५, जोडलं तर ही गळती जवळजवळ थांबते.

पंगतीच्या भाषेत सांगायचं तर नियम सगळ्यांना सारखाच. पण एकाआड एक उभे राहिलेले लोक एका तालात बसू-उठू शकतात. सगळेच बसलेले असले तर आधी कोणी उठायचं यालाच असंख्य पर्याय होतात आणि ताल तिथेच हरवतो.

जिरावण – शनिवार, सकाळी ७:३०

मोजायचं कसं ते मी लिहिते. रविवारी प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवर एल (दुव्यांची संख्या) बरोबर २४ पर्यंत चालवून आणलं तर चर्चेला दम येईल.

आधी आधार-अवस्थांची यादी. २४ बिटांची संख्या घ्या, तीच एक घर चक्राकार सरकवा, दोन्हींचा बिटवार ‘आणि’ काढा. शून्य आला तर ठेवा, नाहीतर टाका. बंद वर्तुळासाठी हा आकडा ल्युका संख्या असतो: १२ ला ३२२, १६ ला २२०७, २० ला १५,१२७, २४ ला १,०३,६८२. तुमचा आकडा याच्याशी जुळला नाही तर पुढे जाऊच नका. बहुतेक वेळा चूक शेवटच्या आणि पहिल्या बिटाच्या जोडणीत असते: वर्तुळाऐवजी उघडी साखळी झालेली असते आणि मग फिबोनाची संख्या येते.

मग हॅमिल्टोनियन विरळ मॅट्रिक्स म्हणून बांधा. बंदी नसती तर एल २४ ला १ कोटी ६७ लाखांवर अवस्था झाल्या असत्या. इथे एका ओळीत सरासरी १३ च्या आसपास नोंदी, एकूण पावणेचौदा लाख, म्हणजे सतरा मेगाबाइटच्या आत. कालविकासाला पूर्ण कर्णीकरण लागतच नाही. क्रायलोव्ह पद्धत (छोट्या उपअवकाशात अवस्था पुढे चालवणं), २० सदिश, ०.१ चं पाऊल. मात्र अवस्थेची लांबी १ राहिली म्हणून उत्तर बरोबर, असं समजू नका. छोट्या उपअवकाशात लांबी आपोआप टिकते, पाऊल चुकीचं असलं तरी टिकते. खरी तपासणी म्हणजे पाऊल निम्मं करून आलेख एकमेकांवर ठेवणं.

काय दिसायला हवं: हॅमिल्टोनियन म्हणजे फक्त पीएक्सपींची बेरीज, गुणक १. नील अवस्था सुमारे ४.७ काळाने स्वतःकडे परत येते आणि त्याच्या निम्म्यावर, २.३५ जवळ, उलट्या नील अवस्थेजवळ पोचते. कणघनता ० पासून वर चढते, २.३५ ला खाली येते, पुन्हा चढते. तुलनेसाठी थर्मल आकडे लिहून ठेवा: उभ्या माणसांचं प्रमाण पाच उणे वर्गमूळ पाच, भागिले दहा, म्हणजे ०.२७६. कणघनता एक भागिले वर्गमूळ पाच, म्हणजे ०.४४७. क्षेत्राची सरासरी शून्य. सगळे बसलेले या अवस्थेतून सोडलंत की आलेख काही चढउतारांनंतर ०.४४७ ला चिकटतो. नील अवस्थेतून सोडलंत तर तो त्याच्या खालून वर, वरून खाली जातच राहतो. हे दोन आलेख एकाच कागदावर काढून आणा. सगळा विषय त्या एका कागदात आहे.

पूर्ण पट हवा असेल तर समरूपता वापराच. एल २४ चं अख्खं मॅट्रिक्स भरीव स्वरूपात ८६ गिगाबाइट होतं. शून्य संवेग आणि आरशातली सम अवस्था एवढाच भाग घेतला तर मिती २३५९ वर येते आणि साधा लॅपटॉप चहा होईपर्यंत उत्तर देतो. टर्नर यांच्या गटाने याच युक्तीने एल ३२ गाठलं होतं, तिथे मिती ७७,४३६ होते. ते आपल्या लॅपटॉपचं काम नाही.

माळवापठार – शनिवार, सकाळी ९:१५

जिरावणताई, तीन प्रश्न. एक, एल २० ला लगतच्या ऊर्जांतरांचं सरासरी गुणोत्तर ०.३९ च्या आसपास येतंय. म्हणजे हे मॉडेल इंटिग्रेबल (नेमकं सुटणारं, म्हणून नेहमीसारखं थर्मलाइझ न होणारं) म्हणायचं का? दोन, २३५९ च्या भागात पुनरागमनाचा काळ ४.७ ऐवजी निम्माच दिसतो. तीन, शून्य ऊर्जेजवळ आलेखावर ठिपक्यांचा उभा गठ्ठा पडतो आणि प्रत्येक वेळी चालवलं की तो बदलतो.

जिरावण – शनिवार, सकाळी १०:२०

तिन्ही नेहमीच्या चुका आहेत, आणि तिन्हींना कारण आहे.

०.३८६ हे प्वासाँचं (एकमेकींशी संबंध नसलेल्या ऊर्जांचं) मूल्य, ०.५३ हे यादृच्छिक मॅट्रिक्सचं (गोंधळी प्रणालीचं). समरूपतेचे भाग वेगळे न करता सगळ्या ऊर्जा एका यादीत टाकल्या की वेगवेगळ्या भागांतल्या ऊर्जा एकमेकींना ओळखतच नाहीत, मधेच घुसतात, आणि यादी प्वासाँसारखी दिसायला लागते. संवेग शून्य आणि आरसा सम एवढाच भाग घ्या, शून्य ऊर्जेच्या अवस्था वगळा, पटाची दोन्ही टोकं कापा. मग एल वाढवत नेलं की आकडा ०.५३ कडे सरकतो. म्हणजे मॉडेल इंटिग्रेबल नाही. असंख्य गोंधळी अवस्थांमध्ये मोजक्या शिस्तीच्या अवस्था लपलेल्या आहेत. स्कार म्हणण्यात अर्थ आहे तो यामुळेच.

दुसरं: नील अवस्था एकटी शून्य संवेगाची नाही. एक घर सरकवली की ती दुसरी नील अवस्था होते. शून्य संवेगाच्या भागात आहे ती दोघींची बेरीज, आणि ती बेरीज २.३५ ला परतणारच, कारण पहिली दुसरी झालेली असते आणि दुसरी पहिली. पटातही हेच दिसतं. नील अवस्थेशी जास्त जुळणाऱ्या अवस्था एकूण एल अधिक एक, म्हणजे २५. त्यातल्या १३ शून्य संवेगात, १२ पाय संवेगात, आलटून पालटून. पटाच्या मध्याजवळ पूर्ण यादीत अंतर १.३३, एका भागात २.६६. दोन पाय भागिले १.३३ करून बघा, ४.७ येईल.

तिसरं सगळ्यात फसवं. प्रत्येक ऊर्जेला उणे ऊर्जेची जोडीदार आहे, त्यात आरशाची समरूपता मिळाली की नेमक्या शून्य ऊर्जेच्या अवस्था घातांकी संख्येने येतात. त्या सगळ्या समान ऊर्जेच्या, त्यामुळे संगणक त्यांची हवी ती मिसळण देतो. त्या ठिपक्यांना अर्थ नाही. दहाच्या उणे दहाव्या घातापेक्षा लहान ऊर्जा असलेल्या सगळ्या अवस्था बाजूला काढा, नील अवस्थेचा त्या उपअवकाशावर प्रक्षेप घ्या, लांबी १ करा आणि तेवढाच एक ठिपका काढा. गठ्ठा जाईल आणि मधला मनोरा स्वच्छ दिसेल.

एन्टँगलमेंट (दोन तुकड्यांमधली क्वांटम गुंतागुंत) काढणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. बंदी असल्यामुळे हा अवकाश डावा गुणिले उजवा असा सरळ तुटत नाही. डाव्या तुकड्यांची यादी वेगळी, उजव्यांची वेगळी करा, न जुळणाऱ्या जोड्यांना शून्य भरा आणि मगच एकेरी-मूल्य विघटन करा.

कृष्णपुरा – शनिवार, सकाळी ११:००

शून्य ऊर्जेचा विषय निघाला म्हणून. कोलकात्याचे देबाशिष बॅनर्जी आणि अर्णब सेन यांनी २०२१ मध्ये शिडीच्या आकाराच्या यू-वन गेज मॉडेलमध्ये नेमकं हेच दाखवलं: शून्य ऊर्जेच्या प्रचंड उपअवकाशातल्या काही विशिष्ट मिसळणी स्थितिज पदाच्याही आइगन-अवस्था असतात. म्हणून ते पद चालू केलं तरी त्या तशाच टिकतात आणि स्कार होतात. जिरावणताई ज्या गठ्ठ्याला निरर्थक म्हणतात तो आलेखावर खरोखर निरर्थक आहे, पण त्या उपअवकाशाच्या पोटात मोलाच्या अवस्था आहेत. हे दोन्ही लक्षात राहू दे.

शिप्रातीर – शनिवार, दुपारी ३:४५

दुसरी वाट मी घेतो: अव्यवस्थेविना स्थानबद्धता. यात गेज नियमाचं काम थेट आणि निर्विवाद आहे. (रामबागकर, तुमच्या कालच्या शंकेला खरा उतारा हा.)

स्मिथ, नोले, कोव्रिझिन आणि मोस्नर यांचं २०१७ चं मॉडेल घ्या. साखळीवर फर्मियॉन उड्या मारतात आणि प्रत्येक उडीबरोबर मधल्या दुव्याचा स्पिन गुंततो. प्रत्येक स्थानावर अधिक एक किंवा उणे एक असा एक प्रभार टिकून राहतो. हे प्रभार ठरवले की उरलेला हॅमिल्टोनियन म्हणजे मुक्त फर्मियॉन आणि प्रत्येक स्थानावर अधिक किंवा उणे दोन एच एवढा विभव (एच हा दुव्यांच्या स्पिन-पदाचा गुणक). आता दुव्यांचे सगळे स्पिन झेड दिशेला ठेवून सुरुवात केली, तर अवस्था वरवर अगदी एकसारखी, पण आतून सगळ्या प्रभार-रचनांची समान बेरीज. प्रत्येक रचना आपापला वाकडातिकडा विभव घेऊन चालते. हॅमिल्टोनियनमध्ये कुठे अव्यवस्था नाही, सुरुवातीच्या अवस्थेत नाही, तरी सरासरीत अव्यवस्थाच येते. यू-वन श्विंगर मॉडेलसाठी हाच मार्ग ब्रेनेस, दालमोन्ते, हाइल आणि स्कार्दिकियो यांनी २०१८ मध्ये दाखवला. तिथे विद्युतक्षेत्रामुळे कणांमध्ये परस्परक्रियाही असते.

मोजायला हे पीएक्सपीपेक्षा सोपं. २०० स्थानं म्हणजे २०० गुणिले २०० चं मॅट्रिक्स. एकाआड एक स्थान भरलेलं ठेवा, प्रभार यादृच्छिक निवडा, सहसंबंध-मॅट्रिक्स पुढे चालवा, ५०० रचनांची सरासरी घ्या. उडीचा गुणक जे १, एच १. सम आणि विषम स्थानांच्या घनतेतला फरक शून्यावर न जाता एका पातळीवर थांबलेला दिसेल.

आधी प्रोग्राम बरोबर आहे का ते बघा. सगळे प्रभार अधिक एक ठेवा. हा फरक तेव्हा शून्य-कोटी बेसेल फलनाप्रमाणे जायला हवा, चार गुणिले काळ या मूल्यावर, आणि पहिलं शून्य काळ ०.६० जवळ. ते जुळलं तरच यादृच्छिक रचनांकडे वळा.

बिघडतं कुठे? दुव्यांचे स्पिन एक्स दिशेला ठेवून सुरुवात केली तर अवस्था एकाच प्रभार-रचनेत बसते, बेरीज उरत नाही, आणि सगळं पसरतं. मॉडेल तेच, उत्तर उलटं. आणि दुव्यावर झेड स्पिनचं सुटं पद, अगदी लहान गुणकाचंसुद्धा, घातलं तर प्रभार टिकत नाहीत, रचना एकमेकींत मिसळतात आणि स्थानबद्धता झिजत जाते.

माळवापठार – शनिवार, संध्याकाळी ६:१०

तिसऱ्या वाटेबद्दल थोडक्यात. तुकडे पडणं म्हणजे सगळ्या ज्ञात समरूपता ठरवूनही हॅमिल्टोनियन काही अवस्थांपासून दुसऱ्या काही अवस्थांपर्यंत पोचूच शकत नाही. तपासणी अगदी साधी: आधार-अवस्था म्हणजे बिंदू, मॅट्रिक्समधली शून्येतर नोंद म्हणजे रेघ, आणि आलेखाचे जोडलेले घटक मोजा. पीएक्सपीत घटक एकच निघतो, कारण कुठल्याही रचनेतून एकेकाला बसवत सगळे बसलेले इथपर्यंत पोचता येतं. उलट द्विध्रुव टिकवणाऱ्या स्पिन-एक साखळीत फक्त तीन-स्थानी पद असलं तर घटक घातांकी संख्येने निघतात आणि सगळ्यात मोठा घटकही एकूण अवकाशाच्या मानाने नगण्य ठरतो. चार-स्थानी पद जोडलं की एक मोठा घटक बाकीच्यांना गिळतो. साला आणि सहकाऱ्यांनी हे २०२० मध्ये मांडलं.

म्हणून पीएक्सपीला कोणी ‘तुकडे पडलेलं’ म्हटलं तर मान्य करू नका.

रामबागेतून – शनिवार, रात्री ८:००

शिप्रातीर, पटलं. आता प्रयोगाचा प्रश्न. खऱ्या अणूंमध्ये गॉसचा नियम कोण पाळायला लावतो? कागदावर तो नेमका असतो, प्रयोगशाळेत नाही.

कृष्णपुरा – शनिवार, रात्री ९:२५

बरोबर जागी बोट ठेवलंत. दोन तऱ्हा आहेत.

रिडबर्ग रांगेत द्रव्य आधीच काढून टाकलेलं असतं, म्हणून गॉसचा नियम म्हणजे शेजाऱ्याची बंदी. ती अणूंमधल्या प्रतिकर्षणातून येते आणि ते अंतराच्या सहाव्या घाताने घटतं. दुसऱ्या शेजाऱ्यावर ते दोनाच्या सहाव्या घाताने, म्हणजे ६४ पटीने कमी, पण शून्य नाही. लेझरची ताकद इतकी ठेवावी लागते की पहिला शेजारी नक्की अडेल आणि दुसऱ्याला जाणवणारही नाही. फार जोर दिला तर बंदी गळते, फार कमी दिला तर उरलेलं प्रतिकर्षण ताल बिघडवतं. हार्वर्डचे अणू रुबिडियमचे होते. आपल्याकडे इंदूरच्या आरआरकॅटमध्येही (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात) रुबिडियमच लेझरने थंड करतात, त्यामुळे रविवारी येणाऱ्यांपैकी त्या कामाची माहिती असलेल्यांनी सापळ्याची बाजू सांगावी.

दुसरी तऱ्हा प्रकाशीय जाळीची. २०२० मध्ये चीन आणि हायडेलबर्गच्या गटांनी ७१ स्थानांच्या बोस–हबर्ड साखळीत द्रव्य आणि क्षेत्र दोन्ही ठेवून गॉसचा नियम प्रत्यक्ष मोजला, आणि २०२२ मध्ये त्याच मांडणीत गेज सिद्धांताचं थर्मलायझेशन पाहिलं. तिथे नियम ऊर्जेच्या दंडाने पाळला जातो: नियम मोडणाऱ्या उड्या महाग केल्या जातात. हालिमे आणि सहकाऱ्यांची सूचना अशी की गॉस-क्रियकांची नीट निवडलेल्या गुणकांनी केलेली साधी बेरीज जोडली तरी पुरतं, वर्ग करायची गरज नाही. चुकीची ताकद लॅम्डा आणि रक्षणाची व्ही धरली तर नियमभंग लॅम्डा भागिले व्ही याच्या वर्गाइतका दाबला जातो. म्हणजे व्ही दसपट केला की भंग शंभरपट कमी. पण गुणक सगळीकडे सारखे ठेवले तर एका स्थानावरचा भंग दुसऱ्या स्थानावरच्या उलट भंगाने भरून निघतो आणि दंड लागतच नाही. गुणक वेगवेगळे हवेत ते यासाठी.

सिमरोलकर – शनिवार, रात्री १०:१५

द्रव्यमान चालू करून बघणाऱ्यांसाठी एक लिहायचं राहिलं. नील अवस्था तीच ठेवून द्रव्यमान ५ किंवा १० केलंत तर क्षेत्र जवळजवळ हलतच नाही, आणि जुळणीचा (सुरुवातीच्या अवस्थेशी किती साम्य उरलं याचा) आलेख १ च्या जवळ सरळ रेघ दिसतो. त्याला स्कार म्हणू नका. तिथे जोडी निर्माण करायला दोन द्रव्यमानांएवढी ऊर्जा लागते, ती मिळत नाही, म्हणून गती गोठलेली आहे. फक्त जुळणीचा आलेख बघितला तर ही गफलत कळत नाही. सोबत कणघनता काढा. द्रव्यमान शून्य असताना ती दर आवर्तनात ठळकपणे वर जाऊन खाली येते, मोठ्या द्रव्यमानाला तळाशीच थरथरते.

आणि वेगवेगळ्या एलची जुळणी थेट एकमेकींशी ताडू नका. एल वाढला की ती घातांकी घटतेच, चांगल्या स्कारलाही. तिचा लॉगरिदम घ्या, एलने भागा, मग ताडा. १६, २० आणि २४ च्या रेघा पहिल्या शिखरापाशी एकमेकींवर बसल्या की प्रोग्राम ठीक आहे.

जिरावण – शनिवार, रात्री १०:३०

हो, आणि आरशाच्या समरूपतेचा गुणक लावताना आवर्ती रचनांचं सामान्यीकरण वेगळं येतं, ते विसरू नका. ते चुकलं की मिती २३५९ च येते, पण मॅट्रिक्स सममित राहत नाही. कर्णीकरणाआधी मॅट्रिक्स वजा त्याचं परिवर्त काढून सगळ्यात मोठी नोंद बघा. ती शून्य नसेल तर चूक तिथेच आहे.